वारशाची झेरॉक्स

आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटकडून मराठी विभागात दरवर्षी दोनच प्रकारचं साहित्य येतं. एक, पावसावरची कविता. दोन, 'होस्टेलचे ते मंतरलेले दिवस'. (दुसऱ्या प्रकारात मेसच्या वरणात डाळ शोधण्याचा विनोद सक्तीचा!) मला कविता जमत नाही, आणि होस्टेलचे दिवस अजून चालूच असल्यामुळे ते मंतरलेले आहेत की नाहीत हे इतक्यात सांगता येत नाही. म्हणून मी लिहिणार आहे सहा ओळींच्या एका फाइलवर. सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, ऑफिसातल्या काका-मॅडमनीही नाही. कारण या फाइलचा तुमच्या-आमच्या ताटातल्या पोळ्यांशी संबंध आहे, आणि थोडासा माझ्या आजीशीही.

आधी थोडी पार्श्वभूमी. (हा शब्द मला मागच्या वर्षी मिळाला, तेव्हापासून संधी मिळेल तिथे वापरते.) माझं शिक्षण पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड, असा आमच्या शाळेचा नियम. घरी मराठीच, पण बोलण्यापुरतं. कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला आजही आधी साठला जाऊन, तिथून सत्तरला पोहोचून, मग एक पाऊल मागे यावं लागतं. माझी रूम पार्टनर परभणी जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. तिला मॅन्युअलची इंग्रजी पानं वाचायचा कंटाळा, मला जोडाक्षरांचा. म्हणून आमचं उत्तम जमतं. या लेखात तिला मी 'परभणीकर' म्हणणार आहे, कारण नाव छापलं तर ती माझ्याशी बोलणार नाही.

आता मेस. खाड्याची पद्धत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उद्या जेवायला नसाल तर रात्री ९ च्या आत खाडा टाकायचा. साडेदहाला रेक्टर मॅडमच्या ऑफिसातलं मशीन खाडे मोजतं आणि 'उद्या इतकी ताटं' असा मेसेज मेसच्या काकांच्या मोबाइलवर पाठवतं. त्या एका आकड्यावर काका पहाटे कणीक मळायला घेतात. शनिवार-रविवारी निम्मं होस्टेल घरी पळतं. त्या दिवशी आकडा गेला नाही तर काका सगळ्यांचा स्वयंपाक करतात, आणि जे उरतं ते त्यांच्या खिशातून जातं. हे आपल्यापैकी फार जणांना माहीत नसतं. आपल्याला फक्त भाजीत मीठ कमी होतं तेवढं माहीत असतं.

हे काम करणारी स्क्रिप्ट कुठल्याशा जुन्या बॅचने लिहिलेली. यंदा ते म्हातारं मशीन बदललं आणि स्क्रिप्ट नव्या मशीनवर हलवायचं काम रेक्टर मॅडमनी आम्हा दोघींवर सोपवलं. जुनं मशीन आठवडाभर सोबत चालू ठेवायचं ठरलं, म्हणजे आमच्या प्रयोगांपायी कुणी उपाशी राहू नये.

स्क्रिप्ट उघडली आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. डेटाबेसचा पासवर्ड, मेसेज पाठवणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली, काकांचा नंबर, सगळं स्क्रिप्टच्या पोटातच लिहिलेलं. आणि ही स्क्रिप्ट दरवर्षी पेनड्राइव्हवरून पुढच्या बॅचला प्रसादासारखी वाटली गेलेली!

"हे म्हणजे लग्नपत्रिकेसोबत घराची किल्ली वाटल्यासारखं झालं की गं," परभणीकर म्हणाली.

यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. प्रोग्राम वेगळा ठेवायचा आणि जागेप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे पासवर्ड, पत्ते, नंबर, या बाहेर काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायच्या. २०११ साली हेरोकू कंपनीच्या अॅडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' नावाचे बारा नियम मांडले, त्यातला तिसरा नियम हाच. ते व्हेरिएबल एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि स्क्रिप्टने सुरुवातीला ती फाइल वाचायची. आमची फाइल अशी (कमांड टाइप करताना रोमन लिपीत करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय):

डीबी_यूजर=मेस
डीबी_पासवर्ड='आंबा$७किलो'
मेस_नाव='लेडीज होस्टेल'

अशा एकूण सहा ओळी. (पासवर्ड हा नाही. प्रयत्न करून वेळ घालवू नये.)

आता तुम्ही म्हणाल, फाइल आहे, स्क्रिप्ट आहे, वाच म्हणावं की! तर मंडळी, इथेच खरी गंमत सुरू होते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही गोष्ट आली १९७९ साली, बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल आला. शेल म्हणजे तो काळा पडदा, ज्यावर आपण कमांड देतो आणि तो आपल्याला आपली लायकी सांगतो. शेलने एखादा प्रोग्राम चालवला की तो प्रोग्राम शेलचं मूल होतो. चाइल्ड प्रोसेसच म्हणतात त्याला, मी मनाने सांगत नाहीये. जन्माच्या वेळी या मुलाला पालकांच्या एन्व्हायर्नमेंटची एक प्रत मिळते. मूळ नाही, प्रत. झेरॉक्स. मुलाने त्या झेरॉक्सवर वाट्टेल ते खोडलं, नवं लिहिलं, तरी पालकांच्या मूळ कागदावर एक टिंबसुद्धा हलत नाही. मूल मेलं की (म्हणजे प्रोग्राम संपला की, युनिक्सची भाषाच जरा तशी आहे) झेरॉक्ससुद्धा कचऱ्यात.

मुलांनी काहीही केलं तरी आईवडिलांच्या विचारांत काडीचा फरक पडत नाही, हे बेल लॅब्जवाल्यांना अमेरिकेत बसून कसं काय कळलं असेल, देव जाणे.

यातून पहिला धडा निघतो. स्क्रिप्टमधून 'एसएच मेस.एन्व' अशी कमांड देऊन ती फाइल चालवली तर काय होतं? एक नवा शेल जन्माला येतो, तो सहाच्या सहा ओळी इमानेइतबारे वाचतो, सगळे पासवर्ड स्वतःच्या डोक्यात भरतो आणि संपतो. आपल्या स्क्रिप्टच्या हाती भोपळा. एरर नाही, तक्रार नाही, काही नाही. शेजारच्या मुलाने आपल्यासाठी अभ्यास करावा आणि पेपरला आपण बसावं, तसा प्रकार.

म्हणून शेलमध्ये एक कमांड आहे, जगातली बहुधा सगळ्यात छोटी. नुसतं टिंब. डॉट, मग स्पेस, मग फाइलचं नाव. याचा अर्थ: 'नवं मूल जन्माला घालू नकोस, ही फाइल तू स्वतः वाच.' ओळ न् ओळ, वरून खाली, स्वतःच्या डोक्यात. बर्कलीच्या बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये याच कामाला 'सोर्स' असं भारदस्त नाव होतं. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आला, त्यात दोन्ही चालतं. पण सगळ्या शेलमध्ये 'सोर्स' चालत नाही. उबुंटूने २००६ च्या आवृत्तीपासून 'एसएच' म्हणून बॅशऐवजी 'डॅश' नावाचा चपळ शेल बसवला, आणि डॅशला सोर्स म्हटलं की तो 'नॉट फाउंड' म्हणतो. टिंब मात्र बोर्नच्या वळणाच्या सगळ्या शेलना कळतं. शिवाय फाइलच्या नावाआधी रस्ता लिहावा, निदान 'डॉट-स्लॅश' तरी. नाहीतर काही शेल ती फाइल समोर असतानाही 'पाथ'मधल्या गावांत शोधत फिरतात.

तर आम्ही टिंब वापरलं. स्क्रिप्टला पासवर्ड दिसला. स्क्रिप्टने तो छापूनही दाखवला. पण स्क्रिप्ट पुढे एका पायथन प्रोग्रामला हाक मारते, आणि तो म्हणाला, कसला पासवर्ड? मला नाही दिसत!

"आत्ता तर हिच्याजवळ होता," परभणीकर स्क्रीनला म्हणाली. "मग पोराला कसा काय देईना ही?"

हा दुसरा धडा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एखादी गोष्ट शेलकडे असणं वेगळं आणि ती मुलांना मिळणं वेगळं. नुसतं 'नाव=किंमत' असं लिहिलं की ती गोष्ट शेलची खाजगी राहते. ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यात जावी असं वाटत असेल तर तसं स्वतंत्र सांगावं लागतं. त्या सांगण्याला 'एक्स्पोर्ट' म्हणतात. आणि ते मूल जन्माला येण्याआधी सांगावं लागतं. प्रोग्राम सुरू झाल्यावर पालकांनी मागाहून कितीही एक्स्पोर्ट केलं तरी चालू असलेल्या मुलापर्यंत ते पोहोचत नाही. त्याची झेरॉक्स निघून गेलेली असते.

हे मी मॅन्युअलमध्ये वाचत होते आणि परभणीकरला मराठीत समजावत होते. समजावता समजावता मध्येच थांबले. कारण हे सगळं मला आमच्या घराबद्दल वाटायला लागलं.

माझे बाबा फार सुंदर मराठी लिहितात. अक्षर मोत्यासारखं. घरात काचेचं एक कपाट आहे, त्यात वरपासून खालपर्यंत मराठी पुस्तकं. बाबांना त्यातलं पानन् पान माहीत. पण ते स्वतः मराठी माध्यमातून कॉलेजला गेले आणि पहिली दोन वर्षं इंग्रजीपायी मागच्या बाकावर गप्प बसून काढली. आपल्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, माझ्याशी इंग्रजी पेपर वाचला, माझी इंग्रजी पत्रं तपासली. ते कपाट त्यांनी कधी कुलूप लावून ठेवलं नाही. फक्त माझ्यासाठी उघडलंही नाही. व्हेरिएबल सेट होतं, एक्स्पोर्ट केलेलं नव्हतं. यात त्यांना दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. प्रत्येक पालक आपल्याला त्या वेळी जे लागलं होतं तेच आधी एक्स्पोर्ट करतो.

माझं काही अडलंही नव्हतं. अडलं ते आजीमुळे. आजी ८१ वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर तिला फोनवर ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र आणलं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून डबीत झोपलेलं असतं. डोळे मात्र अजून शाबूत. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तर एके दिवशी होस्टेलवर माझ्या नावाने पत्र आलं. चक्क पत्र! दोन्ही बाजूंनी भरलेलं, एकात एक गुंतलेलं अक्षर, वर 'चि.' आणि त्याखाली 'अ. उ. आ.'. मी अर्धा तास त्याकडे एखाद्या कॉम्प्रेस केलेल्या फाइलसारखी बघत बसले.

"काय बघायलीस एवढं?" परभणीकरने विचारलं आणि कागद हातात घेतला. "अनेक उत्तम आशीर्वाद. सोपं तर आहे." मग तिने ते अख्खं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. आजीने लिहिलं होतं की आता तुझा आवाज ऐकू येत नाही, तर तू लिहीत जा. बाबा निरोप सांगतो, पण तो तुझं बोलणं दोन वाक्यांत संपवतो.

म्हणजे प्रश्न मार्कांचा नव्हता, भाषाप्रेमाच्या भाषणाचाही नव्हता. आजीशी बोलायचं तर आता मराठीत लिहिता यायला हवं, एवढी सरळ गोष्ट होती. आणि वारशाच्या गठ्ठ्यात ते आलेलं नव्हतं. आता बाबांनी कितीही एक्स्पोर्ट केलं तरी माझी प्रोसेस सुरू होऊन वीस वर्षं झाली.

पण शेलने यावरही तोड काढून ठेवली आहे, आणि ती आम्ही त्याच आठवड्यात वापरत होतो. वारशात नाही मिळालं, तरी चालू असलेला शेल कधीही फाइल स्वतः वाचू शकतो. टिंब, स्पेस, फाइलचं नाव. फाइल तेवढी मिळायला हवी. फाइल माझ्याकडे होती: आजीचं पत्र. ते मी रोज वाचायला लागले, परभणीकरशिवाय. मग मेसच्या टेबलावरचा पेपर. मग या अंकाचे लायब्ररीतले जुने अंक. मग मे महिन्यात बाबांचं कपाट. फाइल वाचताना शेलचा एक नियम असतो: तीच गोष्ट खाली पुन्हा आली तर नंतरची किंमत आधीची पुसून टाकते. माझं तसंच होत गेलं. आधी 'पाणि' होतं, नंतर 'पाणी' झालं.

असो. काकांचा आकडा अजून गेलेला नाही, तो आधी पाठवू.

सहा ओळींना सहा वेळा 'एक्स्पोर्ट' लिहिण्यापेक्षा शेलमध्ये एक सोय आहे: 'सेट मायनस ए'. हे म्हटल्यानंतर जे जे व्हेरिएबल सेट होईल ते आपोआप एक्स्पोर्टच्या यादीत जातं. मग टिंब देऊन फाइल वाचायची आणि लगेच 'सेट प्लस ए' म्हणून ती सोय बंद करायची. तीन ओळींत काम फत्ते. इंटरनेटवर याहून चमकदार एक ओळ सगळीकडे सापडते: फाइल 'कॅट'ने ओतायची, 'एक्सआर्ग्ज'मधून गाळायची आणि निघेल ते एक्स्पोर्टच्या घशात घालायचं. ती ओळ आम्ही मुद्दाम करून बघितली. मेस_नाव 'लेडीज होस्टेल'च्या जागी नुसतं 'लेडीज' झालं! कारण त्या गाळणीत अवतरणचिन्हं निघून जातात आणि मग शेल स्पेस दिसेल तिथे वाक्य तोडतो. 'होस्टेल' हे त्याला दुसऱ्याच एका व्हेरिएबलचं नाव वाटलं. एररही आली नाही. तेव्हा ज्यांच्या फाइलमध्ये कुठेच स्पेस नाही त्यांनीच त्या ओळीच्या वाटेला जावं.

फाइलमधली तीन पथ्यंही सांगून ठेवते, पुढच्या बॅचला उपयोगी पडतील. एक, '=' च्या दोन्ही बाजूंना स्पेस द्यायची नाही. दिली तर शेलला व्हेरिएबलचं नाव ही कमांड वाटते. दोन, पासवर्ड एकेरी अवतरणात लिहायचा. दुहेरी अवतरणात '$७' ला शेल सातवा आर्ग्युमेंट समजतो, तो नसतोच, आणि 'आंबा$७किलो'चा 'आंबाकिलो' होतो. तीन, ती फाइल विंडोजच्या जुन्या पद्धतीने सेव्ह करायची नाही. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर बसतं आणि ते पासवर्डच्या शेपटीला चिकटतं. डोळ्यांना पासवर्ड अगदी बरोबर, डेटाबेस म्हणतो चूक! 'कॅट'ला मोठ्या लिपीतला 'ए' देऊन फाइल बघितली की ते भूत दिसतं, आणि 'डॉस-टू-युनिक्स' नावाच्या प्रोग्रामने उतरतं.

एवढं झाल्यावर स्क्रिप्ट हाताने चालवली की झकास चालायची. पण रोज रात्री साडेदहाला तिथे कोण बसणार? ते काम 'क्रॉन'चं. क्रॉन म्हणजे मशीनमधला रात्रपाळीचा वॉचमन. आणि तो आपलं एन्व्हायर्नमेंट घेऊन येत नाही. आपण लॉग-इन केल्यावर जे काही आपोआप वाचलं जातं, त्यातलं तो काहीच वाचत नाही. आम्ही 'एन्व' कमांड आधी हाताने चालवली, तर पानभर यादी आली. तीच क्रॉनकडून चालवून घेतली, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या ओळी. त्यामुळे क्रॉनसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टने काहीच गृहीत धरायचं नसतं. फाइलचा पूर्ण पत्ता लिहायचा, मुळापासून, आणि जे लागेल ते स्वतः वाचायचं. होस्टेलला नवीन आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको. घरी न मागता मिळणाऱ्या तीस गोष्टींपैकी इथे पाचच असतात, हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक सावधगिरीची गोष्ट. टिंब देऊन फाइल वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. त्या फाइलमध्ये जे लिहिलंय ते शेल करतो. कुणी तिथे 'सगळं पुसून टाक' असं लिहिलं तर तेही करेल, तुमच्या नावाने. म्हणून ती फाइल कुणाची आहे आणि तिच्यात कोण लिहू शकतं, हे आधी बघायचं. एन्व्हायर्नमेंटवर आंधळा विश्वास टाकण्याचा धडा सगळ्या जगाने सप्टेंबर २०१४ मध्ये घेतला. बॅशमध्ये 'शेलशॉक' नावाचं भोक सापडलं. एखाद्या व्हेरिएबलच्या किमतीत फंक्शनच्या शेपटीला कमांड लिहून पाठवली तर बॅश सुरू होतानाच ती चालवून मोकळा व्हायचा. ते भोक १९८९ पासून तिथेच होतं. पंचवीस वर्षं! स्टेफान शाझेलास यांच्या ते लक्षात आलं आणि मग घाईघाईने जगभर दुरुस्त्या झाल्या.

आम्ही आमच्या फाइलला 'चमॉड ६००' लावलं, म्हणजे मालकाशिवाय कुणी ती वाचू शकत नाही. जुने पासवर्ड बदलून टाकले. पुढच्या बॅचसाठी तशीच एक दुसरी फाइल ठेवली, तिच्यात सगळी नावं आहेत आणि किमती रिकाम्या. काय काय लागतं हे पुढच्यांना कळावं, पण किल्ल्या त्यांच्या त्यांनी बनवाव्यात. परभणीकरच्या मते आईवडिलांनीसुद्धा अशी एक रिकामी फाइल द्यावी, फार बरं होईल.

जाता जाता एक गंमत. भाषासुद्धा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच असते, हे तुम्हाला माहीत होतं? त्याचं नाव 'लँग'. त्याची किंमत 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' अशी ठेवली, म्हणजे मराठी, भारत, तर मशीनवर ती लोकॅल बसवलेली असल्यास 'डेट' कमांड वार मराठीत सांगते. आम्ही वाराचं पूर्ण नाव मागितलं, तर काळ्या पडद्यावर उमटलं: शनिवार. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. शेजारच्या रूममधून भिंतीवर थाप आली. लोकॅल बसवलेली नसेल तर मशीन भांडत नाही, मुकाट्याने इंग्रजीवर जातं. आणि व्हेरिएबल जर कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहिलं, तर ते त्या एका कमांडपुरतंच लागू होतं. पुढच्या ओळीला पुन्हा इंग्रजी. पाहुणे आले की मुलांना 'शुभंकरोति म्हणून दाखव' म्हणतात ना, तसं. पाहुणे गेले की संपलं. कायमचं हवं असेल तर फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं आणि रोज वाचावं लागतं.

आता नवं मशीन रोज रात्री साडेदहाला आकडा पाठवतं. पहिल्या शनिवारी काकांनी मोबाइल वर करून दाखवला, "आला गं पोरी, एकशे चार." मी क्षणभर मनात शंभर आणि चार वेगळे केले, पण तेवढंच.

आजीला आतापर्यंत माझी अकरा पत्रं गेली आहेत. ती प्रत्येक पत्र तांबड्या पेनने तपासून परत पाठवते, सोबत उत्तर. पहिल्या पत्रावर तेवीस तांबड्या खुणा होत्या, अकराव्यावर सहा. बाबांना वाटतं ती माझ्याशी फार कडक वागते. मला तसं वाटत नाही. ती फोनवर कधी इतकं बोलली नव्हती. पत्रातून मला तिच्या शाळेचं कळलं, तिला गणित आवडायचं हे कळलं, सातवीनंतर तिची शाळा कुणी आणि का बंद केली तेही कळलं. हे बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांना कुणी एक्स्पोर्टच केलं नव्हतं.

मूल पालकांच्या शेलमध्ये काही बदलू शकत नाही, असं वर मी लिहिलंय. ते खरंच आहे. पण मुलाने एखाद्या फाइलमध्ये काही लिहून ठेवलं आणि पालकांना वाटलं, तर ते टिंब देऊन ती फाइल वाचू शकतात. वाचायचं की नाही हे त्यांच्यावर. आपण लिहून ठेवायचं. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, आजीची पत्रं तू जपून ठेवतेस ना, सुट्टीत येताना घेऊन ये, मला वाचायची आहेत.

अंक छापून आला की या लेखाची मोठ्या अक्षरांत एक प्रिंट काढून आजीला पाठवणार आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय, हे ती विचारणारच. आणि 'शुभंकरोति' बरोबर लिहिलंय का, हेही तीच सांगेल.

(तृतीय वर्ष, कॉम्प्युटर)